कचऱ्याची बादली आणि उदमांजर : माझा अनुभव

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उताराला लागून. रात्री दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची बादली आडवी व्हायची. केळीची सालं, मासळीचे काटे अंगणभर. संशय कुत्र्यांवर होता, पण चिखलातल्या ठशांना पाच बोटं दिसली. कुत्र्याच्या ठशात चारच उमटतात. हे उदमांजर होतं.

विष, सापळा अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, शिवाय ते उंदीरही खातं.

ओला कचरा रात्री बाहेर ठेवणंच थांबवलं. सालं झाकणाच्या कंपोस्ट ड्रममध्ये, वर सुक्या पाल्याचा जाड थर, वास दबतो. मासळी-मटणाचं उरलंसुरलं डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये, सकाळी थेट घंटागाडीत. सुक्या कचऱ्याच्या बादलीला खटक्याचं झाकण घेतलं आणि ती भिंतीतल्या हुकाला बांधली. आता ठसे दिसतात, पण बादलीजवळ थांबलेले नाहीत.

डोंगराकडेला राहणाऱ्यांनी हे करायलाच हवं. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो दिसलाच तर गर्दी न करता वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.