नेमबाजी : शेवटच्या दहा शॉटमधल्या या चुका टाळा

दर हंगामात कोणी ना कोणी पालक येतात. "सर, पोरगा सरावाला ६२५ मारतो आणि मॅचला ६१२. जरा मनाचं काहीतरी बघा की." (ही साठ शॉटची बेरीज, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९.) स्पर्धा तेव्हा तीन आठवड्यांवर आलेली असते. मन म्हणजे जणू रायफलच्या बटचा (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा) स्क्रू, दोन आटे पिळले की झालं काम! दहा मीटर एअर रायफल शिकवता शिकवता केस पिकले, पण चुका त्याच. म्हणून एकदा लिहून टाकतो.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावणं

यावर मी तासभर बोलू शकतो, आणि पोरांना ते माहीत आहे.

अथेन्स, २००४. पन्नास मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायची) फायनल. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या शॉटला तीन गुणांनी पुढे. साधा आठ लागला असता तरी सुवर्ण त्याचंच. त्याने शॉट सोडला आणि त्याच्या टार्गेटवर काही उमटलंच नाही. दोन नंबरच्या लेनमध्ये उभं राहून त्याने तीन नंबरच्या टार्गेटवर गोळी घातली होती. शून्य. थेट आठवा क्रमांक. ही गोष्ट ऐकून पोरं हसतात. मग मी पुढचं सांगतो. एरवी तो आधी टार्गेटवरचा नंबर बघायचा आणि तिथून खाली टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलावर यायचा. त्या एका शॉटला स्वतःला शांत करण्याच्या नादात नंबर बघायचा राहिला, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. शांत व्हायच्या खटपटीतच रोजची एक पायरी गळाली. चार वर्षांनी बीजिंगला पुन्हा शेवटचा शॉट, पुन्हा आघाडी, आणि लागला ४.४. चौथा. (अथेन्सच्या त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला आलेली चेक नेमबाज पुढे त्याची बायको झाली, आणि बीजिंगमधलं पहिलं सुवर्ण तिनेच घेतलं. असो.)

छाती धडधडणारच. माझी अजूनही धडधडते, आणि मी तर मागे खुर्चीवर बसलेला असतो. ती थांबवायला गेलं की लक्ष शॉटवरून उठून छातीवर जातं. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघा, पाय अडखळतोच.

माझ्याकडे चार शब्द आहेत : गाल, श्वास, काळं, बोट. गाल बटवर टेकला, श्वास अर्धा सोडला, काळं साइटच्या रिंगेत बसलं, बोट दाबतंय. घरी भिंतीसमोर ड्राय फायर (रिकाम्या रायफलचा ट्रिगर दाबायचा सराव) करतानाही मनात हेच म्हणायचं, म्हणजे मॅचला वेगळं काही आठवावं लागत नाही. शास्त्रात याला काय म्हणतात ते म्हणोत.

"फक्त नऊ मारू नकोस"

ही चूक माझी स्वतःची. एका राज्य स्पर्धेत माझा एक पंधरा वर्षांचा पोरगा पन्नास शॉटनंतर ५२० वर होता, म्हणजे सरासरी १०.४. पुढच्या फेरीचा कट (तिथे जायला लागणारे किमान गुण) अगदी हाताशी. तो पाणी प्यायला लाइन सोडून मागे आला. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "छान चाललंय रे. आता दहाच राहिलेत, फक्त नऊ मारू नकोस."

तो परत गेला. पहिला ९.६. दुसरा ९.३. तिसऱ्याला रायफल खांद्यावर धरून इतका वेळ उभा राहिला की नळीचा थरथराट मला मागून दिसत होता. ८.८. पंचाहत्तर मिनिटांत साठ शॉट असतात, म्हणजे शॉटला सव्वा मिनिट. रायफल खाली घेऊन पुन्हा सुरू करायला कोणाचीही हरकत नसते, पण त्याला ते सुचलंच नाही. कट गेला. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. कऱ्हाड मागे पडल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही म्हणेपर्यंत नऊ माझ्या डोक्यातच नव्हता."

तेव्हापासून पोरगं लाइन सोडून माझ्याकडे आलं की मी एकच विचारतो, "केळं खाल्लंस का?" बस्स. पालकांनाही हेच सांगतो, पण ते ऐकत नाहीत. मागे उभं राहून मोबाईलवर बेरजा करतात, आणि पोराने मान वळवली की त्यांचा चेहराच त्याला स्कोअर सांगतो. अशांना मी चहाला घेऊन जातो. लांबच्या टपरीवर.

वाईट शॉटचा सूड लगेच पुढच्या शॉटला घेणं

नऊ लागला की पोरं तीस सेकंदांत पुढचा मारून मोकळी होतात. मग तोही नऊच. माझा नियम असा : नऊनंतर पेलेट (छर्रा) भरायच्या आधी शेजारच्या कोरड्या फडक्याने हात पुसायचा. फडकं नाही आणलं? मग टोपी काढून घालायची. एका खराब शॉटवर साइटचे क्लिक फिरवून नेम बदलत बसणाऱ्यांना मी ओरडतो.

कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेचं उदाहरण मी इथे देतो. हांगझोऊच्या एशियाडमध्ये, २०२३ साली, तो फायनलला आघाडीवर होता. एक ७.६ गेला आणि चौथा आला. त्याआधी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही चौथाच. पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन फायनलला नीलिंग (गुडघ्यावर) आणि प्रोन (पालथं) संपलं तेव्हाही तो पदकाबाहेर होता. स्टँडिंगमध्ये (उभ्याने) वर आला, ४५१.४ वर कांस्य. त्यानंतर आमच्याकडे रांग लागली. "सहा महिन्यांत होईल ना सर?" अहो, तो २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. मोजा वर्षं.

फक्त आरामातला सराव

एसी रेंज, आवडती लेन, हवा तेवढा वेळ. असे ६२५ मला दाखवू नका. आम्ही शनिवारी जिना दोनदा चढून-उतरून, धापा टाकत एकच शॉट मारतो. सर्वांत कमी मारेल त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. वडापावसाठी हात कसा थरथरतो ते बघण्यासारखं असतं.

औषधाची गोळी घेऊन हात स्थिर करणं

दरवर्षी कोणीतरी हळूच विचारतंच. बीटा ब्लॉकर (धडधड आणि थरथर कमी करणारी औषधं) नेमबाजीत बंद आहेत. उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने बीजिंगला दोन पदकं जिंकली होती, चाचणीत प्रोप्रॅनोलॉल हे असंच औषध सापडलं, दोन्ही काढून घेतली. आदल्या रात्री जोशवाले व्हिडिओ बघत जागणं हा त्याचाच बिनगोळीचा प्रकार.

डोळे मिटून नुसतं पदक बघणं

गळ्यात पदक, राष्ट्रगीत, आईचे डोळे. यात मजा येते, पण उपयोग शून्य. मी पोरांना डोळे मिटून २० वा शॉट ८.९ गेलेला बघायला लावतो. मग विचारतो, "आता काय करशील?" परवा एका नव्या पोरीने डोळे न उघडता उत्तर दिलं, "टोपी काढेन."