फँटसी टीमचं ॲप बनवणाऱ्या ग्रुपसाठी: सिनॉप्सिसच्या आधीची तयारी

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यंदा माझ्याकडे तीन ग्रुपनी जवळपास एकच विषय आणला आहे: फँटसी टीम सांभाळणं सोपं करणारं ॲप. फँटसी टीम म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपण निवडलेला संघ; ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. विषय चांगला आहे, करा. पण तिन्ही ग्रुप पहिल्याच भेटीत लॉगिनचं पान दाखवायला घेऊन आले, आणि बाकी काही विचारलं की एकमेकांकडे पाहायला लागले. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो. सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यावर, माझी सही हवी असेल तर त्याआधी एवढं झालेलं असू द्या.

आधी पैशाचं बोलून घेऊ. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाराही सुटत नाही. ड्रीम इलेव्हनसारख्या मोठ्या कंपनीनेही त्यानंतर पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. तेव्हा तुमच्या ॲपमध्ये एंट्री फी नको, वॉलेट नको, आणि ‘हरलेल्याकडून पन्नास रुपये घेणे’ असा हिशेब ठेवणारं पानही नको. हे मी फक्त कायद्यासाठी सांगत नाही. मेसचे पैसे टीमवर लावून महिन्याचे शेवटचे दहा दिवस समोशावर काढणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या एकाच्या वडिलांना गावी फोन करायची वेळ माझ्यावर आली आहे. हा निर्णय सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात स्वच्छ शब्दांत लिहा.

पैसा काढला तरी सांभाळायला खूप काही उरतं. इंग्लिश प्रीमियर लीगचा अधिकृत फँटसी खेळ फुकट आहे. त्यात पंधरा खेळाडू, दहा कोटी पौंडांचं खोटंखोटं बजेट, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, आठवड्याला एक फुकट ट्रान्सफर (खेळाडूची अदलाबदल), न वापरलेल्या ट्रान्सफर पाचपर्यंत साठवायची सोय आणि त्यावरच्या प्रत्येक ट्रान्सफरला चार पॉइंटची कात्री. एवढं डोक्यात ठेवून दर आठवड्याला टीम लावायची. क्रिकेटमध्ये तर मित्रामित्रांच्या खासगी लीग चालतात, पॉइंट एक्सेलमध्ये आणि भांडणं व्हॉट्सॲपवर. तुमचं काम या लोकांसाठी आहे.

आता दहा खेळणाऱ्यांच्या शेजारी जाऊन बसा. गूगल फॉर्म पाठवू नका. फॉर्ममध्ये सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात. प्रत्यक्ष टीम लावताना पाहा. मागच्या आयपीएलमध्ये हिंगणा रोडच्या एका मेसमध्ये मी असाच एका मुलाशेजारी बसलो होतो. सातला टॉस, साडेसातला सामना. एका हातात फोन, समोर ताट, पोळीची वाट पाहणं चालू. दोन्ही संघांची नावं आल्यावर तो एका ॲपमधून दुसऱ्यात, तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिथून स्क्रीनशॉटमध्ये आणि परत असा फिरत होता. त्याची खरी टीम वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली होती, खोडून खोडून तिथला कागद पातळ झालेला. 7 वाजून 26 मिनिटांनी त्याने कॅप्टन बदलला, तेवढ्यात पोळी आली आणि सेव्हचं बटण दाबायचं राहून गेलं. मला म्हणाला, “सर, मी तर बदलूनच राहिलो होतो ना.”

वहीतलं ते पान मला तुमच्या सगळ्या सर्व्हेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्याला सल्ला नको होता, खेळाडू त्याचे ठरलेले होते. त्याला एवढंच कळायला हवं होतं की आपल्या अकरापैकी आज कोण खेळत नाही, त्याच्या जागी कोण बसतो, आणि केलेला बदल पोहोचला की नाही. 2023 पासून आयपीएलमध्ये कॅप्टन टॉसनंतर संघाची यादी देऊ शकतो, वर इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामन्यात मध्येच उतरवता येणारा बदली खेळाडू, आहेच. म्हणजे खरी माहिती हातात आल्यावर अर्धाच तास मिळतो. तुमचं ॲप त्या अर्ध्या तासासाठी आहे असं धरून चला. ‘एआय टीम सुचवेल’ हे तिन्ही सिनॉप्सिसमध्ये आहे, ते तूर्त काढा. टीम लावण्यातच त्या मुलाची सगळी मजा आहे, ती त्याच्याकडेच राहू द्या.

यानंतर पॉइंटचे नियम. कोडमध्ये हात घालण्याआधी ते कागदावर मराठीत लिहा आणि आपल्याच जामठ्याच्या, म्हणजे नागपूरच्या स्टेडियमवरच्या, एका सामन्यावर हाताने लावून पाहा. 10 नोव्हेंबर 2019, भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी. दीपक चहरने 3.2 षटकांत 7 धावा देऊन 6 बळी घेतले, त्यात हॅटट्रिक होती. पण ती कशी होती ते नीट बघा. पहिला बळी 18 व्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर. 19 वं षटक दुसऱ्या गोलंदाजाचं. मग 20 व्या षटकाच्या पहिल्या दोन चेंडूंवर दोन बळी, आणि तिथेच बांगलादेशचा डाव आटोपला. ‘एकाच षटकात सलग तीन’ असं शोधणारा कोड चहरला बोनस देणार नाही. षटक संपल्यावर हिशेब करणारा कोड तर इथे चालणारच नाही, कारण ते षटक संपलंच नाही. आणि 3.2 हा दशांश अपूर्णांक नाही, ते वीस चेंडू आहेत. सात भागिले 3.2 केलंत तर इकॉनॉमी (षटकामागे दिलेल्या धावा) 2.19 येते, खरी 2.10 आहे. बोनसची रेषा या दोन आकड्यांच्या मध्ये असली तर तुमच्या ॲपवरून दोन मित्र भांडतील. डेटाबेसमध्ये षटकं ठेवू नका, चेंडू ठेवा.

सुपर ओव्हरचे पॉइंट धरायचे का, डोक्याला मार लागल्यावर बदली आलेल्याचे धरायचे का, पावसाने सामना रद्द झाला तर काय, हे प्रश्नही त्याच कागदावर सोडवा. उत्तर काहीही ठेवा, पण सामना सुरू होण्याआधी ते सगळ्या खेळणाऱ्यांना दिसलं पाहिजे.

सरावासाठी डेटा क्रिकशीटवरून घ्या. आंतरराष्ट्रीय आणि आयपीएल सामन्यांचा चेंडूगणिक डेटा तिथे जेसन (JSON) प्रकारच्या फाइलमध्ये फुकट मिळतो. जुना सामना चेंडू-चेंडू करून पुन्हा खेळवणारी छोटी स्क्रिप्ट पहिल्याच महिन्यात लिहून टाका; म्हणजे चाचणीसाठी आयपीएलची वाट पाहावी लागणार नाही. चालू सामन्याचा डेटा मात्र विकत मिळतो, आणि फुकटच्या योजनेत दिवसाला ठरावीकच वेळा मागता येतो. म्हणून प्रत्येक फोनने स्वतंत्र मागणी करू नये. तुमच्या सर्व्हरने एकदा मागावा आणि सगळ्यांना वाटावा. कुणाच्या वेबसाइटवरून परवानगीशिवाय आकडे खरवडून आणायचे नाहीत. रात्री त्यांनी पानाची मांडणी बदलली की सकाळी तुमचं ॲप बंद.

इथे माझी एक इच्छा सांगतो, ऐकायची सक्ती नाही. तिघांपैकी एका ग्रुपने रणजीची, आपल्या विदर्भाची लीग करावी. 2017-18, 2018-19 आणि मग 2024-25, तीनदा करंडक आपल्याकडे आला. तिसऱ्यांदा तर जामठ्यावरच, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर. त्या अंतिम सामन्यात दानिश मालेवारने पहिल्या डावात 153 धावा केल्या आणि त्या मोसमात हर्ष दुबेने 69 बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम आहे. आपल्या गावचा संघ एवढं करतो आणि आपल्या पोरांच्या फँटसी टीममध्ये त्यातलं एक नाव नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. काम कठीण आहे. काही स्कोअरकार्ड हाताने भरावी लागतील, आणि चार-पाच दिवसांच्या सामन्याला टी-ट्वेंटीचे पॉइंट लावून भागणार नाही. शंभर चेंडू खेळून पंधरा धावांवर उभा राहिलेल्याला काय द्यायचं, पहिल्या डावाच्या आघाडीचे किती, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. पण ते काम खरोखर तुमचं असेल.

वेळेकडे वळू. प्रीमियर लीगच्या फेरीची मुदत पहिल्या सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी संपते. सामना तिथे शनिवारी साडेबाराला असेल तर मुदत अकराची. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं, आणि त्यानंतर तीच मुदत आपल्याकडे साडेतीनलाच संपते. माझ्या एका जुन्या ग्रुपने कोडमध्ये साडेपाच तासांचा फरक पक्का लिहून ठेवला होता, आणि मुदतीच्या एक तास आधी आठवण पाठवायची सोय केली होती. एप्रिलच्या पहिल्या फेरीला सगळ्यांच्या फोनवर ‘एक तास उरला’ हा निरोप साडेतीनला आला, म्हणजे बरोबर दार बंद होताना. चार महिने चांगलं चाललेलं ॲप त्या संध्याकाळी निम्म्या मुलांनी काढून टाकलं. सर्व्हरवर वेळ कायम यूटीसीमध्ये, म्हणजे ऋतूप्रमाणे न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, ठेवा आणि दाखवताना भारतीय वेळेत बदला.

याला लागूनच नेटवर्कचा प्रश्न येतो. जामठ्याचं मैदान भरलं की फोनला रेंज असून नेट चालत नाही. कुणी 7:28 ला बदल केला आणि तो सर्व्हरवर 7:31 ला पोहोचला, तर धरायचा की नाही? माझ्या मते नाही, कारण फोनचं घड्याळ मागे करता येतं. पण मग ‘अजून पोहोचलं नाही’ हे स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दिसलं पाहिजे. हिरवी बरोबरची खूण सर्व्हरचं उत्तर आल्यावरच दाखवा.

स्क्रीन आधी कागदावर काढा, पेन्सिलनेच. ‘वॉशिंग्टन सुंदर’ आणि ‘ऋतुराज गायकवाड’ ही नावं छोट्या फोनवर मावतात का बघा. मराठीत नावं दाखवणार असाल तर ओळीची उंची वाढवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो. शोधताना कुणी जैस्वाल लिहील, कुणी जयस्वाल. दोन्हींना तोच खेळाडू सापडायला हवा. चाचणी तुमच्या नव्या फोनवर करू नका. घरातला आईचा जुना फोन घ्या आणि सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर संध्याकाळच्या गर्दीत एका हाताने टीम बदलून दाखवा.

माहिती गरजेपुरतीच मागा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ज्युनिअर कॉलेजची मुलं हा खेळ खेळतातच. चाचणीत अठरा पूर्ण झालेलेच घ्या, आणि फोनमधले कॉन्टॅक्ट मुळीच मागू नका.

कामाची वाटणी तुमची तुम्ही करा. एवढंच पाहा की पॉइंटचा कोड लिहिणारा आणि तो तपासणारा एकच नसावा. तारखा मात्र उलट्या मोजा. प्ले स्टोअरच्या नव्या वैयक्तिक खात्याला एकदाच 25 डॉलर लागतात, आणि ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस ते वापरून पाहावं लागतं. त्या बारांतले दोघं मध्येच सोडून जातील असं धरून सोळा-सतरा जण आत्ताच बोलून ठेवा. विद्यापीठाची परीक्षा आणि सबमिशन यांच्या मध्ये हे चौदा दिवस कुठे बसतात ते कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून मला दाखवा.

एक्सटर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, चालू सामन्यावर अवलंबून राहू नका. त्या दिवशी सामना नसेल किंवा लॅबचं नेट नसेल. डेटा लॅपटॉपवरच ठेवा आणि तोच जामठ्याचा सामना 18 व्या षटकापासून पुन्हा चालवा. 20 व्या षटकाच्या दुसऱ्या चेंडूला चहरच्या नावापुढे हॅटट्रिकचे पॉइंट चढताना दिसले पाहिजेत.