तो '२' नक्की कुणाचा?

समान आयन परिणाम, म्हणजे द्रावणात क्षाराचाच एक आयन आधीपासून असला की तो क्षार कमी विरघळतो: ही व्याख्या मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. गणित मात्र दर चाचणीत चुकायचं, तेही एकाच जागी. सिल्व्हर क्लोराइडवर हात बसला म्हणजे विषय आला, या भ्रमात राहू नका. तिथे एकास एक आयन, चुकायला जागाच नाही.

खरी मेख कॅल्शिअम फ्लोराइडमध्ये आहे. समजा केएसपी (विद्राव्यता गुणाकार, इथे कॅल्शिअमची संहती × फ्लोराइडच्या संहतीचा वर्ग) ३.९ × १०⁻¹¹ दिलाय आणि द्रावण ०.१ मोलार सोडिअम फ्लोराइडचं. मी फ्लोराइडची संहती ०.२ धरायचे, कारण 'सूत्रात दोन दिसले की दुप्पट करा' असं एका सरांनी सांगितलं होतं आणि मी ते वहीत चौकटीत लिहून ठेवलं होतं. असल्या चौकटी फाडून टाका. ते ०.१ सोडिअम फ्लोराइडमधून आलंय, त्याच्या एका सूत्रातून एकच फ्लोराइड सुटतो. विद्राव्यता 'एस' धरली तर कॅल्शिअम फ्लोराइडचा वाटा '२एस', तो ०.१ पुढे इतका किरकोळ की सोडून द्यायचा. उरलं एस × (०.१)², म्हणून एस ३.९ × १०⁻⁹. माझं उत्तर याच्या पाव यायचं, आणि पर्यायांत ते हमखास असायचं!

आता उलटं करा. द्रावण ०.१ मोलार कॅल्शिअम नायट्रेटचं. फ्लोराइड येतो तो फक्त विरघळणाऱ्या क्षारातून, म्हणून इथे २एस सोडून देता येत नाही: ०.१ × (२एस)². एस येतो सुमारे ९.९ × १०⁻⁶. शुद्ध पाण्यात तो २.१ × १०⁻⁴ असतो, म्हणजे विद्राव्यता दोन्हीकडे घटली, पण या दोघांत फरक अडीच हजार पटींचा. हे पहिल्यांदा निघालं तेव्हा मी तीनदा आकडेमोड तपासली. तुम्हालाही खोटं वाटेल, घाबरू नका.

मग दुप्पट कधी? लेड क्लोराइडच्या गणितात ०.१ मोलार कॅल्शिअम क्लोराइड घातलं, तर क्लोराइड खरंच ०.२ होतो. वरून घातलेल्या क्षाराचं सूत्र बघायचं, विरघळणाऱ्या क्षाराचं नाही.

(संहत हायड्रोक्लोरिक आम्लात सिल्व्हर क्लोराइड उलट जास्त विरघळू लागतं, संमिश्र आयन बनतो म्हणून. सुरुवातीला त्यात पडू नका.)

मी अजूनही समीकरणाआधी दोन ओळी लिहिते: हा आयन कुठून आला, किती आला. वेळ जातो, जाऊ द्या.