दम्याचा पंप: रोज कोणता, अडचणीला कोणता आणि ओढायचा कसा

‘पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी’ हे मला इतक्या जणांनी सांगितलंय की हल्ली मी वाद घालत नाही, सरळ हिशेब मांडते. दम्यात लगेच आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या छोट्या गोळीत 2 मिलिग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी बरोबर वीस दाब. शिवाय गोळी पोटातून रक्तात आणि तिथून अंगभर फिरते. हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपाचं औषध जिथे अडलंय तिथे थेट पोचतं.

पोचतं, पण नीट ओढलं तर. मी शाळेपासूनची दमेकरी. पहिली कित्येक वर्षं मी पंप तोंडासमोर धरून अत्तरासारखा उडवत होते. औषध जिभेवर आणि टाळ्यावर, फुप्फुसात जवळपास काही नाही. मग ‘पंपाने काही होत नाही’ अशी तक्रारही मीच करायची.

आधी घरातले पंप ओळखा

घरातले सगळे पंप टेबलावर काढा आणि त्यांवरची औषधांची नावं वाचा. रंगावर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते, त्यात चिकट कफ साचतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. साल्ब्युटामॉल फक्त आवळलेले स्नायू सैल करतं. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तासांत असर उतरतो. सूज मात्र तशीच राहते. ती उतरवायला ब्युडेसोनाइड, बेक्लोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन यांसारखं ओढायचं स्टेरॉइड लागतं. त्याचा गुण यायला काही दिवस-आठवडे लागतात आणि बरं वाटत असतानाही रोज घ्यावं लागतं. आपल्याकडे होतं नेमकं उलट: लगेच गुण देणारा पंप लाडका, आणि रोजचा पंप ‘आता बरंय’ म्हणून कपाटात.

केवळ साल्ब्युटामॉलवर दिवस काढणं धोक्याचं आहे. म्हणूनच 2019 पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये मोठ्यांना आणि 12 वर्षांपुढच्या मुलांना निव्वळ त्या पंपावर ठेवू नये असं म्हटलंय. अनेकांना आता ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (स्टेरॉइड आणि स्नायू सैल करणारं औषध एकत्र) एकच पंप रोजसाठी आणि अडचणीसाठीही दिला जातो. तुम्हाला कोणता लागेल ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मोजायचं एवढंच: 200 दाबांचे साल्ब्युटामॉलचे तीन पंप वर्षात संपत असतील, तर दमा ताब्यात नाही. आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा त्रास होणं किंवा रात्री खोकल्याने जाग येणं, हीही तीच खूण.

ओढायचा कसा

ताठ बसा किंवा उभे राहा. टोपण काढा, आत धूळ किंवा नाणं-बिणं नाही ना ते पाहा (पर्समधल्या पंपात मला एकदा बटण सापडलं होतं). पंप चांगला हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी एक-दोन दाब हवेत सोडा. आता आरामात श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा, आणि हळूहळू श्वास आत घ्यायला लागता लागताच पंप दाबा. सगळी चूक इथेच होते. आधी दाबून मग ओढलं तर औषध घशावर आदळतं; निम्मा श्वास संपल्यावर दाबलं तर ते आत पोचेपर्यंत श्वासच उरत नाही. चार-पाच सेकंद संथ ओढत राहा, मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबा, पुन्हा हलवा.

हे जमत नसेल, आणि पुष्कळांना जमत नाही, तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, घ्या. मला विचाराल तर ज्याच्याकडे पंप आहे त्याच्याकडे स्पेसर हवाच. त्या नळकांड्यात औषध क्षणभर थांबतं, त्यामुळे वेळ साधायची कसरत उरत नाही. एका वेळी एकच दाब. लहान मुलांना मास्क नाकातोंडावर घट्ट बसवून पाच-सहा श्वास घेऊ द्या. रडत्या पोराला दिलेलं औषध बहुतेक वायाच जातं, आधी शांत करा. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि आपोआप वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. प्रवासात स्पेसर नसेल तर पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला बुडाशी पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडून, बाटलीच्या तोंडाने ओढता येतं.

रोटाहेलरसारख्या पावडरच्या यंत्राचं तंत्र उलटं. तिथे श्वास जोरात आणि खोल हवा, आणि यंत्रात फुंकर मुळीच मारायची नाही. ओलसर श्वासाने पावडर गोळा होते. यंत्रात घालायची पावडरची कॅप्सूल गिळायची नसते, हे सांगायला लागू नये, पण गिळणारे भेटतात.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका. नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो, आवाज बसतो. आणि दिवस गेलेत म्हणून मनाने पंप बंद करू नका. आईचा दमा बळावला तर पोटातल्या बाळालाच त्याचा जास्त त्रास.

घरात काय बघायचं

तुमचा दमा कशाने उठतो ते तुम्हीच शोधायचं: कुणाचा सर्दीने, कुणाचा मुंबई-कोकणातल्या पावसाळी भिंतींच्या ओलीने, कुणाचा गाजरगवताने, कुणाचा दिवाळीच्या धुराने. तारीख, जागा, त्रास असं महिनाभर वहीत लिहा. चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, आणि उदबत्ती व डास पळवायची कॉइल दमेकऱ्याच्या खोलीत नको. काहींना अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने अटॅक येतो, म्हणून दुखण्याची गोळी घेताना दमा असल्याचं सांगा.

कोजागिरीला खिरीतून दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दल आणि मृगाला हैदराबादला माशातून देतात त्याबद्दल दरवर्षी कुणीतरी सांगतंच. श्रद्धेने जाणाऱ्याला मी अडवत नाही, पंप सोबत ठेव म्हणते. बिनलेबलच्या पुड्यांचं मात्र खरंच भय आहे. तीन दिवसांत चमत्कार करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेलं निघतं, आणि किती ते कुणालाच माहीत नसतं.

अटॅक आला तर

माणसाला बसतं करा, आडवं नाही. हात टेकून थोडं पुढे झुकू द्या. साल्ब्युटामॉलचा एक दाब स्पेसरमधून, चार श्वास. असे चार दाब. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार, आणि 108 ला फोन. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. डॉक्टरांनी वेगळा आराखडा लिहून दिला असेल तर तो पाळा, आणि त्याचा कागद फ्रिजवर चिकटवा.

वाक्य एका दमात पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, किंवा माणूस पेंगुळला असेल, तर दाब मोजत बसू नका, फोन आधी करा. छातीतली घरघर एकाएकी थांबली पण धाप तशीच आहे, तर कुणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणेल. त्याचं ऐकू नका. आवाज थांबलाय कारण हवाच आत जात नाहीये.