मदतनिधीसाठी हिमशिखर : खान्देशातील नवख्या चढाईकरांनी तयारी कशी करावी

बहुतेक हिवाळ्यांत नंदुरबार जिल्ह्यातील डाब आणि तोरणमाळ या सातपुड्यातल्या गावांच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते. त्या थंडीत राहणाऱ्या आश्रमशाळेतील मुलांना पांघरुणे द्यावीत, आणि त्यासाठी उत्तराखंडातील केदारकंठासारखे हिमशिखर चढून निधी उभारावा, असा बेत जळगाव-धुळ्याकडचा एखादा मित्रांचा गट आखत असेल, तर त्याने पहिला विचार बुटांचा नव्हे, पैशांचा करावा.

‘शिखर गाठले तर इतके रुपये’ असे आवाहन कधीही करू नये. पहाटेच्या वाऱ्यात डोके ठणकत असताना ‘आता परत फिरलो तर मुलांची पांघरुणे बुडतील’ हा विचार मनात आला, की धडधाकट माणूसही चुकीचा निर्णय घेतो. देणगी चढाईच्या निमित्ताने मागावी, तिच्या निकालावर नव्हे. प्रवास, मार्गदर्शक आणि साहित्य यांचा खर्च प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून करावा आणि आवाहनपत्रात तसे स्पष्ट लिहावे. रक्कम शक्यतो नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात घ्यावी. गटानेच वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क नुसार धर्मादाय कार्यालयाला लेखी कळवावे लागते, हे गणेश मंडळात वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर आयकर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइनच घ्यावी.

सराव किमान तीन महिने आधी सुरू करावा. धुळ्याजवळचा लळिंग किल्ला दर रविवारी चढावा आणि दोन महिन्यांनी सातपुड्यातील १,३२५ मीटर उंचीच्या अस्तंभा शिखरावर, स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन, जावे. पाठीवर आठ किलो वजन हवे. ते पाण्याच्या बाटल्यांचे घ्यावे, म्हणजे माथ्यावर पाणी ओतून देता येते आणि उतरताना गुडघे वाचतात. अस्तंभ्याला दमछाक झाली म्हणून खचण्याचे कारण नाही, पण तेथे दम न लागल्याने फुशारकी मारण्याचेही नाही, कारण विरळ हवेचा सराव सातपुड्यात होत नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, तर केदारकंठा सुमारे ३,८०० मीटरवर. तेथे हवेचा दाब एक तृतीयांशाहून अधिक कमी असतो आणि दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरते. म्हणून पायथ्याच्या सांकरी गावाला पोहोचल्यावर घाईने वर न जाता मुक्काम वाढवावा. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर आणखी चढू नये, आराम पडला नाही तर खाली यावे, आणि चालताना कोणाचा तोल जाऊ लागला तर सकाळची वाट न पाहता त्याला लगेच खाली आणावे.

कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगणे जिवावर येते, पण अंगालगत सुती कपडा नको. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि थांबल्यावर अंग गारठवते. आत कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, त्यावर उबदार जाकीट आणि सर्वांत बाहेर वारा अडवणारा थर, अशी रचना असावी. बुटांना लावायचे बर्फाचे काटे भाड्याने मिळाले, तरी ते चढवण्याचा सराव हातमोजे घालूनच करावा. रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवावी. पाणी वरून गोठत जात असल्याने सकाळी झाकणाकडची बाजू मोकळी राहते. बॅटरीच्या दिव्याचे सेल झोपण्याच्या पिशवीत घ्यावेत, नाहीतर थंडीने ते लवकर मान टाकतात. खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि आपले केळीचे वेफर्स असावेत, कारण उंचीवर भूक मरते आणि ओळखीची चव तेवढी घशाखाली उतरते.

शिखराच्या दिवशी किती वाजता परत फिरायचे, ती वेळ मार्गदर्शकाशी बोलून आदल्या रात्रीच ठरवावी आणि गटातील सर्वांत हळू चालणाऱ्याला ती सर्वांसमोर मोठ्याने म्हणायला लावावी.

राहिली पांघरुणे. चढाई जानेवारीत असली तरी मुलांना थंडी नोव्हेंबरपासूनच वाजते. त्यामुळे मुख्याध्यापकांकडून पटसंख्या आणि नेमकी गरज विचारून खरेदी दिवाळीनंतर लगेच उरकावी, पोच घ्यावी, ती हिशेबासह देणगीदारांना पाठवावी आणि मगच बॅगा भरायला घ्याव्यात.