कॉलेजात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा कार्यक्रम करताय? मग सुरुवात गोव्यातूनच करा

फोंड्याजवळच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. वर्णभेदावर काहीतरी करू म्हटलं की मुलं मार्टिन ल्यूथर किंगचा फोटो, चार स्लाइड आणि पोस्टर स्पर्धा एवढ्यावर उरकायला बघतात. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या अहवालाला तेवढं पुरतं. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

तारखेपासून बघू. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, म्हणजे ब्लॅक हिस्टरी मंथ, अमेरिकेत फेब्रुवारीत पाळतात, ब्रिटनमध्ये ऑक्टोबरात. आपल्याकडे तेव्हा कार्निव्हल असतो किंवा सत्र परीक्षा. 21 मार्च हा संयुक्त राष्ट्रांचा वर्णभेदविरोधी दिवस. 1960 साली त्याच तारखेला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी गोळीबारात 69 निदर्शक मारले. दिवस अर्थपूर्ण खरा, पण तो शिगम्याच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या आगेमागे येतो आणि अर्धा वर्ग रोमटामेळाच्या मिरवणुकीत असतो. म्हणून मी चतुर्थी आटोपल्यावरचा आठवडा धरते. परवानगीचा अर्ज महिनाभर आधी टाका, हॉल मिळतो.

विषय निवडताना अमेरिकेला जायची घाई नको. पियो गामा पिंटो गोंयकार आईबापांचा, जन्म नैरोबीतला, 1927 चा. शिकायला भारतात असताना तो गोवा मुक्तीच्या कामात पडला. पुढे केनियात ब्रिटिशांनी त्याला राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ लढ्याच्या काळात डांबलं, आणि देश स्वतंत्र झाल्यावर 1965 मध्ये नैरोबीत त्याचा गोळ्या घालून खून झाला. दुसरा आक्विनो द ब्रागांसा, आपल्या बार्देशचा. मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात फ्रेलिमो या संघटनेबरोबर राहिला आणि 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेला. वर्गात विचारून बघा, ही नावं कुणाला माहीत आहेत का ते.

पण अभिमानाची दोन नावं घेऊन थांबलात तर कार्यक्रम गोडगोड होतो. आदल्या शनिवारी मुलांना जुन्या गोव्याला न्या आणि व्हाइसरॉयच्या कमानीपाशी उभं करा. तिथून आत जाणाऱ्या रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर माणसांचा लिलाव व्हायचा. 1580 च्या दशकात इथे राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने तो लिहून ठेवला आहे. मोझांबिककडून आणलेले आफ्रिकी लोकही त्यात विकले जात. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती 1869 मध्ये. हे सगळं चर्चच्या पायऱ्यांवर बसून सांगू नका, रस्त्यावर उभं राहूनच सांगा. मुलांनी फोटो काढले तरी चालेल, फक्त तेवढा वेळ सेल्फी नकोत.

वक्ते बोलावताना सगळ्यात जास्त भान ठेवा. कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळकडचे आफ्रिकी वंशाचे सिद्दी आपले शेजारी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून निसटलेले गुलाम. त्यांना नाचायला बोलावतात आणि मानधनाच्या नावाने शाल-नारळ देतात. तुम्ही बोलायला बोलवा, प्रवासखर्च आधी पाठवा, जेवणाचं विचारा. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनाही तसंच. कशावर बोलायचं ते त्यांनाच ठरवू द्या. कुणाला अर्थशास्त्रावर बोलायचं असेल, तर बोलू द्या की! केसांना हात लावू देणार का, असं विचारणारा एखादा उत्साही निघतोच. त्याला आधीच बाजूला घ्या.

एका सत्रात जातीबद्दलही बोलायचं ठरवलंत की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणणार, "मॅडम, यात जात कशाला आणता?" तेव्हा शांतपणे महात्मा फुल्यांचं 1873 चं 'गुलामगिरी' पुढे करा. ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटलेल्या लोकांना. आंबेडकरांनी 1946 मध्ये ड्युबॉइस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं, तेही संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागायला. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरकडे बघून. म्हणजे जात आपण ओढून आणत नाही. गोव्यातल्या गावडे, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 उजाडावं लागलं, हेही त्याच सत्रात येऊ द्या.

प्रश्नोत्तरांना माइक फिरवू नका, चिठ्ठ्या घ्या, नाव न लिहिता. माइकवर सगळे शहाण्यासारखे बोलतात. चिठ्ठीत मात्र असं येतं: "आमच्याकडे खोली भाड्याने द्यायची आहे. आई म्हणते आफ्रिकन मुलगा नको. मी तिला काय सांगू?" अशी चिठ्ठी आली की बाकीच्या बाजूला ठेवा आणि अर्धा तास तिच्यावरच द्या. पाहुण्यांना उत्तर द्यायला लावू नका, आधी हॉलमधल्या घरमालकांच्या मुलांनाच बोलतं करा. काही जण खाली बघतील, एखादी मुलगी भांडेल. भांडू द्या.

बॅनर, समई, पुष्पगुच्छ एनएसएसची मुलं बघतात, त्यात जीव घालवू नका. साडेतीनला थांबा. आभार दोन वाक्यांत उरका, नाहीतर वाळपईकडच्या मुलांची बस चुकते.