काळ्या मातीत बागेचं कुंपण घरच्या घरी कसं घालायचं, एकदा पडल्यावर शिकलेलं

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरामागं तीस बाय चाळीसचा मोकळा तुकडा आहे, तिथं आईनं वांगी, मिरच्या, कढीपत्ता, दोन लिंबाची झाडं असं काय काय लावलेलं, आणि चार वर्षांपूर्वी मी त्याला स्वतः कुंपण घातलं, ऐन मे महिन्यात, दोन दिवसात, मिस्त्री न बोलावता. लई भारी वाटलं तेव्हा. सप्टेंबरचा पाऊस लागला (आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच पडतोय) आणि कुंपण दारू प्यायल्यासारखं एका अंगाला कललं, दिवाळीपर्यंत शेळ्यांनी कढीपत्त्याचा नुसता खराटा ठेवला होता. जाळी चांगली होती, अँगल चांगले होते, पैसा सगळा तिथंच घातलेला. चुकलं ते खड्ड्यात आणि कोपऱ्यात, म्हणजे जे बघायला कोण येत नाही तिथं. दुसऱ्यांदा जे केलं ते अजून सरळ उभं आहे, तेच सांगतो.

आधी हद्द. शेजाऱ्याबरोबर उभं राहून दोघांनी मिळून खुणा बघा, आणि जरा जरी शंका असली तर भूमी अभिलेख ऑफिसात अर्ज करून मोजणी करून घ्या. नंतर खांब काढून सहा इंच आत घ्यायला लागले तर कॉंक्रीट फोडण्यात जीव जातो, शिवाय शेजाऱ्याशी कायमचं तोंड वाकडं. महापालिका हद्दीत असाल तर परवानगीचं एकदा विचारून घ्या, आणि नळाची, ड्रेनेजची लाइन कुठून गेली ते पहार मारायच्या आधी माहीत पाहिजे.

सामानाचा हिशोब माझ्या जागेचा देतो, तुमचा त्यावरून काढा. एका बाजूला घराची भिंत, उरलेल्या तीन बाजू 30, 40 आणि 30 फूट, म्हणजे 100 फूट. खांबांमधलं अंतर आठ फुटांच्या वर नेऊ नका, जाळीला पोट येतंय. 40 च्या बाजूला आठ-आठ फुटांचे पाच गाळे म्हणजे सहा खांब, 30 च्या दोन्ही बाजूंना साडेसात फुटांचे चार-चार गाळे म्हणजे कोपरा सोडून चार-चार खांब, आणि भिंतीलगत साडेतीन फुटाचं गेट ठेवलं त्याचा एक जादा. झाले पंधरा. खांबाला 35 बाय 35 बाय 5 एमएमचा लोखंडी अँगल पुरतो. वीस फुटी अँगलचे साडेसहा फुटाचे तीन तुकडे होतात, तोडीत जेमतेम अर्धा फूट उरतो, म्हणून मी चार फुटी जाळी आणि साडेसहा फुटी खांब असा मेळ घातला: दोन फूट जमिनीत, साडेचार फूट वर, चार फुटांपर्यंत जाळी आणि अगदी टोकाला एक काटेरी तार. पंधरा खांबांना पाच अँगल आणि तिरक्या टेकूंना अजून दोन. हा अँगल मीटरला 2.6 किलो भरतो, सात अँगल म्हणजे साधारण 110 किलो. दुकानात भाव किलोवर असतोय, तर हा आकडा डोक्यात ठेवून जा आणि काट्यापाशी उभं राहा. अँगलची लांबी पण टेपनं मोजा, वीस फूट म्हणून अठरा फुटी पण येतोय.

जाळी घेताना गेजचा घोळ होतो बऱ्याच लोकांचा. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक. 10 गेज जाड, 12 मधली, 14 बारीक. बागेला दोन इंची भोकाची 12 गेज जीआय (म्हणजे जस्त चढवलेली) चेनलिंक जाळी बास आहे. 14 वाली स्वस्त पडते पण शेळी दोन पाय ठेवून उभी राहिली की ती तिथंच खाली बसते, आणि शेळी दोन पाय ठेवणारच. पन्नास फुटांचे दोन बंडल लागले मला. बाकी जाळीला आधार द्यायला 10 गेजची साधी जीआय तार, बांधायला बारीक तार, ती पण जीआयच घ्या, स्लॅबला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर दोन पावसाळ्यात गंजून तुटते.

आता एक काम जे मी पहिल्या वेळी विसरलो. खांब पुरायच्या आधी फॅब्रिकेशनवाल्याकडनं त्यात आडव्या तारांसाठी भोकं पाडून घ्या, तीन जाळीच्या तारांना आणि एक वरच्या काटेरी तारेला. पुरल्यावर ड्रिल घेऊन उन्हात वाकून भोकं पाडणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. त्याच वेळी खांबाच्या खालच्या टोकाला वीतभर सळईचा आडवा तुकडा वेल्डिंग करून घ्या, म्हणजे खांब कॉंक्रीटमध्ये फिरत नाही आणि वर उपसून येत नाही. मग रेड ऑक्साइडचा हात, वाळला की ऑइल पेंट.

खड्डे

हा भाग नीट वाचा, बाकी लेख सोडला तरी चालेल.

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी हा खेळ चालू. वरच्या फूटभर मातीत पुरलेला खांब या खेळात हलणारच, माझे सगळे खड्डे जेमतेम फूटभर होते. दुसऱ्यांदा अडीच फूट घेतले, साधारण दहा इंच बाय दहा इंच, आणि मुख्य म्हणजे तळाशी थोडे रुंद, वर अरुंद, मडक्यासारखे. आपल्याला सवय उलटी असते, वर ऐसपैस उकरायचं आणि खाली निमुळतं होत जायचं. तसं केलं की कॉंक्रीटचा आकार भोवऱ्यासारखा होतो आणि फुगणारी माती त्याला खालून-बाजूनं धरून वर ढकलते. तळ रुंद असला तर तीच माती त्याला दाबून धरते. तुमच्याकडं दीड-दोन फुटांवरच मुरूम लागला तर नशीबवान आहात, मुरमात खांब हलत नाही, तिथं दोन फुटांचा खड्डा पण चालतो.

मे महिन्यात ही माती दगडासारखी होते, पहार नुसती टणकन उडते. मी सांगेन ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, माती ओलसर असते आणि पुढं पाऊस पण नसतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक खड्ड्याच्या जागी चार-पाच इंच उकरून त्यात बादलीभर पाणी सोडा, सकाळी पहार आरामात जाते. नळाला पाणी कधी येतंय तेवढं बघून दिवस ठरवा.

आखणी करताना कोपरे गुण्यात घ्यायचे. एका बाजूला तीन फूट मोजा, दुसऱ्या बाजूला चार फूट, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा काटकोनात. जागा मोठी असेल तर सहा-आठ-दहा धरा, चूक कमी होते. दोन कोपरे आणि दोन टोकं एवढेच चार खांब आधी उभे करायचे, ओळंबा लावून, दोन बाजूंनी बघून. मग त्यांच्यामध्ये दोन दोऱ्या ताणायच्या, एक खाली वीतभर उंचीवर आणि एक वर, बाकीचे खांब दोरीला जेमतेम शिवतील असे लावत जायचं. दोरीवर रेलू द्यायचे नाहीत, एक रेलला की पुढचे सगळे त्याच्या मागं जातात.

तळाला सहा इंच मुरूम टाकून धुम्मस मारायचा, त्यावर खांब, मग कॉंक्रीट. एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी बेतानं, मुठीत दाबलं तर गोळा राहील पण पाणी गळणार नाही एवढंच, आमटी करू नका. ओतताना सळईनं खुपसत राहायचं म्हणजे हवा राहत नाही. एका पोत्यात साडेपाच घनफुटाच्या आसपास कॉंक्रीट होतं, या मापाचे चार खड्डे भरतात, मला टेकू धरून पाच पोती लागली. कॉंक्रीटचं तोंड जमिनीच्या दोन इंच वर काढा आणि थापीनं चारी बाजूंना उतार द्या. लोखंड जिथं जमिनीत शिरतं तिथंच गंजतं, पाणी तिथं थांबलं नाही पाहिजे.

कॉंक्रीट शक्यतो संध्याकाळी घाला. आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातोय, दुपारी घातलेलं पाणी प्यायच्या आधीच सुकतंय आणि मग नखानं उकरलं तरी भुगा निघतो. सात दिवस ओलं ठेवायचं. दर तासाला पाणी मारायला कोण मोकळं आहे, म्हणून ओलं गोणपाट गुंडाळा. आम्ही घरातल्या फाटक्या चादरी फाडून गुंडाळल्या, सोलापुरात असून जुनी चादर नाही असं घर सापडायचं नाही, आणि ती ओल पण चांगली धरते. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी ती गोष्ट वेगळी, त्यातली एक तिला अजून वापरायची होती.

कोपऱ्याचे टेकू

ताणलेली जाळी सगळा जोर टोकाच्या खांबांवर टाकते. मधले खांब नुसते जाळी उभी धरतात, ओढ कोपरे खातात. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन्ही बाजूंच्या लाइनीत एक-एक, आणि जिथं जाळी सुरू होते किंवा संपते तिथं एक, असे तिरके टेकू द्यायचे. माझे सहा झाले. टेकू पाच फुटी, खांबाला जमिनीपासून तीन फुटांवर बोल्टनं जोडायचा, पंचेचाळीसच्या कोनात खाली आणायचा आणि त्याच्या पायाला वेगळा फूट-दीड फुटाचा खड्डा घेऊन कॉंक्रीटमध्ये बसवायचा. आणि टेकू जाळीच्याच लाइनीत पाहिजे, आत बागेकडं नाही. पुष्कळ ठिकाणी बघतो मी, टेकू आतल्या बाजूला, जाळी ओढते दुसरीकडं, मग तो टेकू कशाला आहे, पाय अडकून पडायला?

सात दिवस झाले की मग तार. वर, मध्ये, खाली अशा तीन आडव्या तारा भोकांतून ओवून एका टोकाला पक्क्या करा आणि दुसऱ्या टोकाला पहारीला गुंडाळून पिळत ताणा. हातमोजे घाला, तोंड बाजूला ठेवा, तार सुटली तर डोळा जाईल. मग जाळीचं बंडल खांबांच्या बाहेरच्या अंगानं उभं उलगडत न्यायचं. बाहेरच्या अंगानं यासाठी, की जनावर बाहेरून रेटतं तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. आतून बांधली असेल तर सगळा जोर बारीक तारेच्या गाठींवर येतो आणि गाठी एकेक करून सुटतात. सुरुवातीच्या टोकाला जाळीच्या भोकांतून उभी सळई ओवून ती सळई खांबाला चार-पाच ठिकाणी बांधा. दुसऱ्या टोकाला तशीच सळई घालून दोघांनी मिळून ओढा, एकट्याचं काम नाही हे. हातानं दाबल्यावर थोडी आत जाऊन परत आली की ताण बरोबर.

दोन बंडल जोडायला किंवा जाळी कमी करायला कटर लागत नाही, हे मला एका वेल्डरनं दाखवलं तेव्हा मी नुसता बघत बसलो. जाळी म्हणजे एकात एक फिरवलेल्या नागमोडी तारा. जिथं तोडायची तिथल्या एका तारेची वरची आणि खालची गाठ पक्कडीनं उघडायची आणि ती तार स्क्रूसारखी फिरवत वर काढायची, जाळीचे दोन भाग आपोआप वेगळे. जोडताना दोन टोकं शेजारी धरून तीच तार परत फिरवत घालायची, जोड कुठं आहे ते नंतर सापडत पण नाही.

खालची बाजू मोकळी सोडू नका. डुकरं आणि कुत्री खालून उकरून येतात. शहाबादी फरशीचे तुटके तुकडे कुठल्याही बांधकामावर फुकट मिळतात, ते जाळीच्या बुडाशी उभे, अर्धे जमिनीत पुरत गेलं की काम झालं.

गेट वजनानं कोपऱ्यातून खाली येतं, म्हणून त्याच्या चौकटीत एक तिरकी लोखंडी पट्टी पाहिजे, वरच्या बिजागरीपासून खालच्या कडीकडच्या कोपऱ्यापर्यंत. खाली दोन इंच मोकळे ठेवा, पावसाळ्यात माती फुगून गेट घासतं.

आणि दोन गोष्टी करू नका. एक म्हणजे जाळीवर हिरवी नेट बांधणं. सुंदर दिसते, सावली पण होते, पण मे महिन्यात वळवाच्या आधीचं वारं सुटलं की ती शिडासारखी भरते आणि चांगले खांब पण वाकवते. दुसरं, शेळ्यांचा राग आला म्हणून घरातला करंट तारेत सोडायचा विचार पण नको. माणूस मरतो त्यानं, पोरं खेळतात आजूबाजूला.

आईनं यंदा जाळीवर दोडका आणि कारली चढवली. वेल लगेच बाहेर डोकावले आणि शेळ्या परत हजर, आता बाहेर उभ्या राहून जाळीतून जेवढं येईल तेवढं खातात. म्हणून बाहेरच्या अंगाला फुटा-फुटावर कोयनेलच्या (कुंपणाला लावतात त्या झुडपाच्या) काड्या खोचल्या आहेत. ती शेळी खात नाही आणि आपल्या उन्हात कमी पाण्यावर जगते. दोन हात उंच झाली की छाटायला घेईन.